नोंद नसलेला माणूस

निवृत्तीला तीन वर्षं झाली, तरी ती घटना आठवली की आधी डोळ्यांपुढे येतो तो चामडी चपलांचा एक जोड. तेव्हा मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

खबर एका बोटवाल्याने दिली. समोरच्या समुद्रातल्या ओसाड खडपावर, त्या खडकाळ बेटावर, कोणीतरी लपलंय आणि वाडीतला एक मच्छीमार दर अमावास्येला त्याला जेवण पोचवतो, असं त्याचं म्हणणं. समुद्रातून अतिरेकी येतील, या धास्तीने तेव्हा सगळेच दबकून असायचे. शहरातून विशेष पथक आलं. भर दुपारी आम्ही खडपावर उतरलो. कपारीत केळीच्या पानावर भात, विडीचं बंडल आणि भल्यामोठ्या मापाच्या चपला. पंचनाम्यात मी लिहिलं, 'तळवे झिजलेले.' चूल नाही, अंथरूण नाही, वाळूत एक पाऊल नाही. एरवी तिथे पाखरांचा कलकलाट असतो, त्या दिवशी एकही नव्हतं. पथकाचे अधिकारी मात्र म्हणाले, "आडदांड माणूस दिसतोय." शहाण्याला अशा वेळी काय सांगणार?

दुपारी चारला मच्छीमाराला घरातून उचललं. जेवण कोणासाठी, या प्रश्नावर तो मान खाली घालून गप्प. गप्प राहणारा गुन्हेगारच असतो, असं मीही तोवर समजत होतो. पथकाने बजावलं, स्टेशन डायरीत नोंद नको, परवा सकाळी शहरात नेऊन अटक तिथे दाखवू. दहशतवादविरोधी कायदा एकदा लागला की जामिनाची आशा वर्षानुवर्षं नाही. हे ठाऊक असूनही मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई आली. झील खंय आसा, मुलगा कुठे आहे, एवढंच विचारत होती. असा कोणी इथे नाही, असं मी तोंडावर सांगितलं. तो मागच्या खोलीत होता, मधे फक्त एक भिंत. त्याने सगळं ऐकलं असणार.

ती रडली नाही. पिशवीतून केळीचं पान काढलं, फाटकाशी मांडलं आणि त्यावर भात-माशाची कढी वाढली.

"साहेबानू, ज्येचा नाव आमी घेणव नाय, तेका आमी पान ठेवतव. आता झिलाकय तसाच ठेवतंय," म्हणाली आणि मागे न बघता निघून गेली.

तिन्हीसांजेला बघितलं तर पान स्वच्छ होतं. कुत्र्याने खाल्लं असेल. पण पान जागचं हललंसुद्धा नव्हतं.

मी आमच्या जुन्या हवालदारांना आत बोलावलं. ते त्याच वाडीच्या शेजारचे. खोदून विचारल्यावर बोलले. खडपावर राखणदार आहे, गावाची राखण करणारा, डोळ्यांना न दिसणारा. त्याला जेवण आणि चपला द्यायचा मान घराघरांत फिरतो, यंदा पाळी त्या मच्छीमाराची. राखणदाराचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, अशी रीत. नवा जोड ठेवला की वर्षभरात तळवे झिजतात. हे आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी चिडलो.

"तुमी इचारलास खंय, साहेब?" ते म्हणाले.

कोर्टापुढे हजर करायची चोवीस तासांची मुदत उलटून गेली होती. मी डायरी उघडली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: नाव, गाव, ताब्यात घेतल्याची खरी वेळ. ती नोंद माझ्याच विरुद्धचा पुरावा होती, हे लिहिताना कळत होतं. पथकाने आरडाओरडा केला, वर फोन गेले. मी वैद्यकीय तपासणी करवली आणि सकाळी त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं. खडपावर सापडलेल्या वस्तूंचा आणि त्या रितीचा खुलासा ऐकून त्यांनी त्याला सोडलं. माझी चौकशी लागली, बढती अडकली. ते योग्यच झालं.

चपला परत देताना मी त्याची माफी मागितली. तो त्या उलट्या करून तळवे निरखत राहिला. मग म्हणाला, "दोन दिस माका कोणी नावान हाक मारूक नाय, साहेब. मिया मेलंय काय जितो, माझा माकाच कळा नाय."

देशाची राखण करायची तर हात थोडे मोकळे हवेत, असं मीही पुष्कळदा म्हटलं होतं. त्या दोन दिवसांनंतर म्हणालो नाही. पुढे ज्या ठाण्यात गेलो तिथे सकाळी आधी कोठडीपाशी जायचो, आतल्या माणसाला नाव विचारायचो आणि ते डायरीत आहे ना, स्वतः बघायचो. चपलांचे तळवे कसे झिजले, ते मला अजून सांगता येत नाही. त्या बाईशी मी खोटं का बोललो, तेही नाही.