हिरवा ससा

जाफराबादला आमच्या शेजारच्या लीलाबाई चित्र काढायला बसल्या की कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. समोर कागदावर ससा असायचा, अन् बाई दबक्या आवाजात म्हणायच्या, "हळू गं, पळंल तो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. त्या नाही हसल्या.

मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या त्या, राहायच्या भाऊ-भावजयीकडं. रविवारी मला घेऊन पळसाच्या रानात जायच्या. कागद, ब्रश काही न्यायच्या नाहीत. "आधी पोटभर बघावं. हात गुंतला की डोळा आळशी होतो." मग घरी येऊन पाण्याच्या रंगात रोही, म्हणजे नीलगाय, उतरवायच्या, मुंगूस उतरवायच्या. काळी रेघ कधी नाही. "जनावराला कुंपण घालू न्हाई," म्हणायच्या. आता चौथी शिकलेली बाई मी, मला चित्रातलं काय कळतंय! पण त्यांचं मुंगूस बघितलं की वाटायचं, आत्ता होतं, गेलं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. बाईंची नोकरी संपली होती. दिवाळीला भावजयीनं घर आवरलं, अन् बाईंच्या रंगाच्या वाट्या उचलून पुन्हा मांडल्या, आपल्या मनानं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर चित्र तयार. गवत तपकिरी, ते वाळलेलं धरता येईल. पण ससा हिरवागार!

"बाई, ह्यो ससा हिरवा कसा?"

"मस्करी करू नको, सुमे."

"तुमची शपथ."

त्यांनी कागद खिडकीकडं वळवला, नाकाशी नेला. मग हळूच विचारलं, "किती हिरवा हाय?"

"मेथीच्या जुडीवानी."

भावजय दारातून म्हणाली, "तरीच वन्संना माझी मांडामांड चालत न्हाई!"

तेव्हा उलगडलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अन् बाई वाट्यांच्या जागा पाठ करून रंगवत होत्या. कुणाला बोलल्या नव्हत्या. ऑपरेशन करा म्हटलं, तर मान हलवायच्या. "बिघडलं तर? आता धुरकट तरी दिसून राह्यलंय. डोळे गेले तरी भाकरी करीन गं चाचपडून. पण मुंगूस कुठं चाचपू?"

याला उत्तर दिलं ते भावजयीनं. एरवी उठता-बसता टोमणे मारणारी बाई ती! पदर खोचून उभी राहिली. "बिघडलं तर रंग सांगायला मी हाय. पण हिरवे ससे घरात ठिवायची न्हाई. चला." अन् आम्ही तिघी एसटीनं जालन्याला गेलो.

आधी एकाच डोळ्याचं झालं. पट्टी सोडली अन् बाई माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या.

"सुमे, तुझं लुगडं जांभळं हाय?"

"व्हय, बाई."

"मी तपकिरीच समजून राह्यले होते. म्हटलं, या सुमीला रंगाची जाणच न्हाई!"

भावजय हसता हसता रडायला लागली, मीही.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आठवतात त्या जाड भिंगाच्या चष्म्यातल्याच. डॉक्टरांनी मोकळीक दिली त्याच आठवड्यात मला रानात घेऊन गेल्या अन् मधेच थबकल्या.

"तितर. बघ, गळ्याला पिवळा."

"कुठंय?"

"अगं, समोर!"

मला नुसतं वाळलं गवत दिसत होतं. एक पाऊल पुढं टाकलं, तसा अगदी पायाजवळून तितर भर्रकन उडाला. मी किंचाळले. बाई कमरेवर हात ठेवून खदखदा हसत होत्या.

"आता तरी दिसला का, आंधळे?"