खिळ्यावरची वही

सरडेमामींच्या खांद्यावर पदर असे आणि पदरावर सरडा. आपल्या कुंपणावरचा काटकुळा नव्हे. हातभर लांब, चपट्या अंगाचा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला परदेशी सरडा. रागावला की ती दाढी फुगवून काळी करी, म्हणून मामींनी त्याचं नाव पाटील ठेवलं होतं. बदली होऊन मी मलकापूरच्या शाळेत आलो आणि त्यांची मागची खोली जेवणासकट भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी पाटलाला बघून मी तीन पावलं मागे सरलो. मामी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "भेता काऊन सर? तो तुमाले भेऊन राह्यला."

पाटील मुळात मामींच्या नीलेशचा. पुण्याला नोकरी करताना त्याने तो पाळला होता. दिवाळीला घरी आला की सरडा आईकडे सोपवून मित्रांकडे जाई, म्हणून तिच्यासाठी एका वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. मग हायवेवरच्या अपघातात नीलेश गेला. पुण्याहून त्याचं सामान आलं, त्यात ही काचेची पेटी. नातेवाईक म्हणाले, देऊन टाका कुणाला तरी. मामींनी वहीला सुतळी ओवली आणि पेटीशेजारच्या खिळ्याला अडकवली.

मामी माळ्याच्या घरातल्या. मळ्यातून येताना ओच्यात शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं आणि डबीत नाकतोडे असायचे. आमच्या वरणात कोथिंबीर नसली तरी चाले, पाटलाचं ताट चुकत नसे. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "तो तुमच्यासारखा मिठाले नावं नाई ठेवत." वीज गेली की पेटीतला ऊब देणारा दिवा विझायचा. मग मामी त्याला पोटाशी धरून गच्चीवर उन्हात जाऊन बसत. तो कधी कधी पुढचा एक पाय हळूच उचलून हलवी. मामी लगेच हात जोडत आणि मलाही जोडायला लावत.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं मी एकदा चिडवलं. "आपली तरी कुठवर हाय सर? माही तं अकोल्याच्या पुढं गेली नाई," असं म्हणून त्या हसल्या. मग पाटलाच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "पोराचं एवढंच हालतं-चालतं राह्यलं घरात. हे जगलं पाह्यजे, बस."

त्या डिसेंबरात अकोल्याला त्यांच्या मुलीला महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या. मामी हातातलं काम टाकून निघाल्या. रिक्षात बसता बसता एवढंच म्हणाल्या, "खिळ्याले वही हाय. तिच्यात सारं हाय."

मी वहीतलं खाण्याचं पान वाचलं आणि तेवढ्यावर स्वतःला शहाणा समजलो. चार दिवसांनी पाटलाने खाणं सोडलं. आठव्या दिवशी तो पेटीच्या कोपऱ्यात निपचित पडलेला होता. अंग गार, डोळे मिटलेले. हलवून पाहिलं, पाणी शिंपडलं, काही नाही. मामींना फोन लावायला हात गेला, पण अकोल्याला नुकताच नातू झाला होता, आणि बाळंतिणीच्या घरी मरणाची बातमी देऊ नये, एवढी रीत मला ठाऊक होती. शेजारच्या काकूही म्हणाल्या, "आता नोका सांगू. दिवे लागायच्या आत माती द्या त्याले." मी लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणला, रीतीप्रमाणे मीठ टाकलं आणि त्याला पुरलं. मला रडू आलं होतं.

बारसं उरकून मामी आल्या. दारातच मी सगळं सांगितलं.

"गार होता काय?"

"हो."

"डोये मिटले होते?"

"हो, मामी."

"कोनत्या दिवशी?"

मी वार सांगितला. त्यांनी बोटांवर दिवस मोजले, लिंबाखाली जाऊन बसल्या आणि बराच वेळ मातीवर तळवा ठेवून होत्या. अखेर उठल्या, हात धुतले, चहा टाकला. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "चांगलं केलं सर तुमी. माह्या हातानं नसतं झालं."

दुसऱ्या दिवशी खिळ्यावर वही नव्हती. दुःखाने उचलून ठेवली असेल, असं मला वाटलं. पुढे दोन वर्षं मी तिथे राहिलो. पाटलाचा विषय निघाला की मामी माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढायच्या.

माझी बदली झाली आणि गेल्या वर्षी मामी गेल्या. तेरवीला गेलो, तर त्यांच्या मुलीने ती वही माझ्या हातात दिली. "आईच्या पेटीत तळाशी होती, लुगड्यांच्या खाली. तुम्ही पाटलाला सांभाळलं होतं ना, तुम्हीच ठेवा."

परतीच्या एसटीत मी पानं उलटली. खाण्याच्या पानाच्या मागेच नीलेशच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "आई, थंडीत हा महिनाभर झोपतो. खात नाही, हलत नाही, अंग गार पडतं. घाबरू नको. मेला समजू नको. आपोआप उठतो."