आप्पासाहेबांचा बॉल

आज सकाळपासून वारा पडलाय. आभाळ भरून आलंय पण गळत नाही, आणि समुद्र तेल ओतल्यासारखा गप्प. असल्या हवेत माझा उजवा गुडघा ठणकतो आणि जुने किस्से वर येतात. आम्हा फुटबॉलवाल्यांकडे किस्से जाळ्यातल्या केरासारखे साठतात. मासळी विकली जाते, केर तेवढा राहतो. लोक ऐकून हसतात. मी हसत नाही. मला राग लवकर येत नाही, पण आला की जात नाही.

*

मुंबईत मी एका मिलच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड होतो. शाळा दुसरीत सुटलेली, पण गोल मारायचो म्हणून मिलने नोकरी दिलेली. एका मॅचमध्ये गुडघा गेला. हॉस्पिटलात पडलो होतो, तर खुद्द टीमचे साहेब आले! मागे शिपाई. मला वाटलं, मोसंबी आणली असतील.

साहेबांनी वाकून खाटेखाली बघितलं. "बूट कुठायत?"

"कशाला, साहेब?"

"कंपनीचे आहेत. रविवारी मॅच आहे!"

*

मग गावी आलो, श्रीवर्धनच्या अलीकडे. इथल्या क्लबाने मला कोच केलं. कशीबशी सही करणारा मी, आणि पोरं मला 'मास्तर' म्हणायला लागली! ग्राउंड म्हणजे समुद्राची पुळण. ओहोटीला पाणी ओसरलं की गोलच्या काठ्या रोवायच्या, भरती लागली की उपटायच्या.

माझ्या शेजारच्या कोळ्याचा धर्मा अनवाणी अशी किक मारायचा, की बघून मला माझा धडधाकट पाय आठवायचा. ह्याला मिलच्या टीममध्ये घालायचंच, हे मी मनाशी धरलं.

*

बॉल मात्र क्लबच्या अध्यक्षांचा. आप्पासाहेब, सुपारीच्या वाडीचे मालक. त्यांचा पुतण्या वसंता सेंटर फॉरवर्ड, आणि बॉल जवळ आला की हा डोळे मिटायचा!

एकदा मी वसंताला बाहेर बसवला आणि धर्माला घेतला. आप्पासाहेब धोतराचा सोगा धरून थेट मैदानात आले, बॉल काखोटीला मारला आणि घराकडे चालू लागले. स्कोर एक-एक!

रेफ्री मागे धावला. "आप्पासाहेब, मॅच चालू आहे!"

"तुमची चालू द्या. माझा बॉल घरी चाललाय."

पन्नाशीचा माणूस हो!

*

पुढे धर्माच्या गोलवर आम्ही शील्ड जिंकली. सत्कारात हार आप्पासाहेबांना, वसंताला, रेफ्रीलासुद्धा. मी आप्पासाहेबांना विचारलं, "धर्माचा हार?"

"तो बाकं उचलतोय ना? हार घालून बाकं उचलतात का, मास्तर?"

*

शेवटी मी मिलमध्ये निरोप धाडला. तिथले नवे साहेब खेळाडू बघायला आले. एकच जागा होती, आणि साहेब संध्याकाळच्या लाँचने परतणार. आप्पासाहेब म्हणाले, "पहिला हाफ पुढे वसंता, दुसऱ्याला तुमचा धर्मा." मी मान डोलावली.

पण त्यांनी मामलेदारांनाही बोलावलेलं. मामलेदारांची गाडी खाडी ओलांडायच्या तरीवर अडकली, आणि पाहुण्यांशिवाय सुरुवात करायची कोणाची छाती! दुसरा हाफ लागला तेव्हा भरतीचं पाणी कोपऱ्याच्या झेंड्याला टेकलं होतं.

धर्मा आत आला. वसंता बाहेर जाईना, म्हणून त्याला मागे बॅकला उभा केला. धर्माला पहिला पास मिळायच्या आत वसंताने बॉल समुद्रात मारला, पार लाटांच्या पलीकडे.

"धर्मा, जा रे! माझा बॉल गेला!" आप्पासाहेब ओरडले.

"धर्मा, थांब!" मी ओरडलो. पण आप्पासाहेबांचा शब्द मोडायची सवय गावात होती कोणाला? पोरगा पाण्यात शिरला.

साहेब घड्याळ बघत होते. आप्पासाहेबांनी वसंताच्या खांद्यावर हात ठेवला. "हा आमचा सेंटर फॉरवर्ड." साहेबांनी नाव विचारलं, हात मिळवला आणि लाँच गाठली. धर्मा बॉल डोक्यावर धरून बाहेर आला, तेव्हा पुळणीवर खुर्च्या उचलणारे तेवढे उरले होते.

तिन्हीसांजेला मी ओट्यावर बसलो होतो. कुंपणापलीकडे धर्माची आई त्याची ओली चड्डी पिळत होती. पिळता पिळता थांबली आणि म्हणाली, "मास्तर, भरतीचा बॉल आपसूक काठाला येतो. आप्पाला ठाव न्हाय व्हय?"