मामासाहेबांची वेगळी पेटी

धारची विनीता देवासला दिली. कम्प्युटर शिकलेली सून घरी बसून काय करणार, म्हणून मामेसासरे उदाजीराव यांनी तिला आपल्या ट्रकांच्या कचेरीत लावून घेतली. पीथमपूरच्या कारखान्यांचा माल यांच्या गाड्या वाहतात. कुठल्या फाटकावर किती गाड्या हव्या, ते मेलवर येतं. मेल जिथे येऊन राहते ती मशीन विनीताच्या ताब्यात.

आता या घराची रीत अशी, की सून मामेसासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. घरी सासूबाई मध्ये असतात, कचेरीत जुने कारभारी गणोजी. मामेसासरे आणि सून एकाच खोलीत, पण बोलणं गणोजींच्या वाटेनं. विनीता ओढणी डोक्यावर घेऊन मशीनकडे बघत बोले. नव्या माणसाला वाटे, बाई मशीनशीच भांडते आहे.

"गणोजी, सुनबाईंना सांगा, मेल फार रखडते. शेजारचे भिया म्हणत होते, एक सेटिंग काढली की भरभर पळते."

"मामासाहेबांना सांगा, पळते. पण कशी पळते तेही सांगा."

मग तिनं समजावलं. आत्ता मशीन आलेली मेल आधी डिस्कवर उतरवते, मग पाठवणाऱ्याला 'मिळाली' म्हणते. सेटिंग काढली की मेल हातात असतानाच 'मिळाली' म्हणून मोकळी होते, उतरवते मागाहून. दळण अजून दारात, आणि पोरगी सांगते डब्यात भरलं, तशातली गत. तेवढ्यात लाईट गेली की हातातलं गेलं. पाठवणारा पुन्हा पाठवत नाही, त्याला पोच मिळालेली असते.

"एवढ्याशा वेळात लाईट जाते का?" उदाजीराव गणोजींना म्हणाले.

"देवासात?" हे गणोजींनी स्वतःच्या पदरचं घातलं.

उदाजीरावांना 'नाही' ऐकायची सवय नव्हती आणि विनीताला म्हणायची मुभा नव्हती. पण एखादी मागणी हरवली तर बोल मशीनला लागणार नव्हता, तिला लागणार होता. मग कचेरी सुटली आणि पोळपाट धरला, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"मामासाहेबांना सांगा, आधी त्यांच्याच मेलच्या पेटीची सेटिंग काढते. पटलं तर सगळ्यांच्या."

तिनं त्यांची पेटी वेगळी काढली आणि तेवढ्याच पेटीची सेटिंग काढली. मेल पळू लागली. उदाजीराव येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले, नवी घोडी दाखवावी तशी.

एका दुपारी लाईट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. लाईट आली तेव्हा बाकीच्या पेट्या जशाच्या तशा होत्या. उदाजीरावांचीही दिसायला भरलेली.

"यातलं काय गेलं?" त्यांनी थेट विनीतालाच विचारलं.

तिनं गणोजींकडे पाहिलं. ते पानाचा डबा शोधण्यात गुंतले होते.

"काही गेलंही नसेल, मामासाहेब. गेलं असेल तर काय, ते इथे कळायला वाट नाही. त्याची नोंदही त्याच्याबरोबर जाते."

नुकसान कळलं तर माणूस रडून मोकळा होतो. न कळलेल्याचं काय करावं? उदाजीरावांनी फोन हातात घेतला. पीथमपूरचे कारखाने झाले, सोनकच्छचे झाले.

"भिया, अभी कुछ भेजा था क्या?"

"भेजा तो था, सुबे. मिला नी क्या?"

"सुबे का मिला. उसके बाद?"

"उसके बाद का याद नी आ रिया."

संध्याकाळपर्यंत घसा बसला. मेल वाऱ्यासारखी, आणि मालक तिच्यामागे फोन घेऊन पायी.

"माझी पेटी सगळ्यांच्यात बसवा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण रखडायला नको. त्याला काही तोड?"

"आहे. एक छोटी, चपळ डिस्क येते. लाईट गेली तरी हातातलं उतरवून घेण्यापुरती वीज ती पोटात धरून असते. मेल आधी तिच्यावर उतरेल, मग सावकाश मोठ्या डिस्कवर जाईल. पोच खरी राहील. आत्ताइतकं पळणार नाही, पण रखडणारही नाही."

उदाजीराव मशीनकडे वळले.

"मागवा," ते म्हणाले. "आणि हिच्यात काय काढायचं, काय ठेवायचं, ते यापुढे तुम्ही ठरवा. मला विचारू नका."

आणि मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला उठले.