कमलच्या पांढऱ्या तांदळासाठी वाटूरपर्यंत

तांदळासाठी कुणी जालना जिल्ह्यात जात नाही. मोसंबीसाठी जातात, बियाण्यांसाठी जातात. मी गेले ती तांदळावरून भांडायला.

कमल आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं मदतनीस होती. मी तिथेच शिकवत होते. निवृत्तीनंतर ती वाटूरजवळच्या आपल्या गावी गेली आणि मी छत्रपती संभाजीनगरातल्या फ्लॅटमध्ये राहिले. नवरा गेल्यापासून दर रविवारी न चुकता फोन करून माझी चौकशी करणारं माणूस एकच, कमल. दिवाळीनंतर तिने एसटीच्या पार्सलने घरचा तांदूळ पाठवला. दाणा खडूसारखा पांढरा. फोनवर म्हणाली की मोसंबीवर मारायचं संजीवक उरलं होतं, ते तिच्या मुलाने, विकासने, विहिरीखालच्या भाताच्या तुकड्यावर मारलं. सगळी ताकद दाण्यात उतरली. सून अश्विनीला सातवा महिना आहे, रक्त कमी आहे. पण लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या बंद केल्या. हा भात आहेच की.

मी फोन ठेवला आणि पिशवी भरली. त्यात मूठभर तांदूळही पुडीत बांधून घेतला.

सकाळच्या पॅसेंजरने निघालात तर डब्यात नोकरीला जाणाऱ्या बायकांचा अड्डा भेटेल. त्यांनी सरकून जागा दिली, डब्यातले पोहे दिले आणि विचारलं, एकट्याच? मी म्हटलं, नाही, पिशवी आहे सोबत. त्या हसल्या आणि पुन्हा आपापसात बोलू लागल्या. सांगून ठेवते, असं टोचून उत्तर दिलं की संभाषण तिथेच संपतं. मग खिडकी आपलीच.

बदनापूरला उतरले, कारण तिथे कृषी संशोधन केंद्र आहे आणि पुराव्याशिवाय भांडायची मला सवय नाही. स्टेशनवरून रिक्षा मिळते. एक तरुण शास्त्रज्ञ बाई भेटल्या. माझी पुडी बघून म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे तूर, हरभरा, मूग. तांदूळ शोधायचा तर तुम्ही उलट्या गाडीत बसलात." पण मुलगी गुणी. दाणे तळहातावर घेऊन खिडकीशी गेली. चांगला दाणा उजेडात काचेसारखा दिसतो. हे दाणे दगडासारखे होते.

पुढचं मला ठाऊक होतं, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं. फुलोऱ्यानंतर दाण्यात किती पेशी होणार, अन्न किती वेगाने भरणार आणि भरणं कधी थांबणार, हे रोपाची स्वतःची संप्रेरकं एकमेकींना सांभाळून ठरवतात. बाहेरून भलत्या वेळी जिब्रेलिन, म्हणजे विकासने मारलं तसलं संजीवक, मारलं की रोप उंच होतं आणि लोळतं. लोळलेल्या रोपाचा दाणा अर्धवट भरतो, पिठाच्या कणांमध्ये पोकळी राहते, म्हणून तो पांढरा दिसतो. संप्रेरकांनी प्रथिनं, जस्त थोडं वरखाली होतं का, यावर लोक काम करताहेत, ती म्हणाली, पण तांदळाने गोळीचं काम होईल असं कुणी सांगणार नाही. शिवाय तांदळातलं बरंचसं लोह कोंड्यात असतं आणि गिरणीत तोच निघून जातो.

बदनापूरहून जालना गाठलं की तिथून मंठ्याकडे जाणारी एसटी वाटूर फाट्यावर सोडते. दीडेक तास धरा. बाईमाणसाला अर्धं तिकीट. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या. शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. तिच्यावर पिशवी ठेवून मी कमलला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते. वाक्यं फार छान जमली होती.

फाट्यावर कमल स्वतः न्यायला आली होती. "जयभीम, मॅडम. वाळून गेल्या की तुम्ही." घरी येसर आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मानाचा म्हणून तोच पांढरा भात. भात मऊ, पण पीठ पीठ लागत होता. अश्विनी वाढत होती. पापणी वर केली की डोळ्याच्या आतली कडा जिथे लाल दिसायला हवी, तिथे तिची फिकी होती. शेजारची एक बाई पाहुणीला बघायला येऊन बसली होती. तिच्याशी बोलताना कळलं, गल्लीतल्या बायका खाण्यापिण्याचं, औषधाचं कमललाच विचारतात. वीस वर्षं कॉलेजात काढलेली बाई.

हे कळल्यावर तरी मी थांबायला हवं होतं. मी ताटातून उठले, हात धुतले, तांदळाच्या डब्यातले चार दाणे घेऊन दाराच्या उजेडात धरले आणि वर्ग घेतला. चांगला घेतला. पोकळी, कोंडा, लोळलेलं पीक, सगळं. गोळ्या बंद करणं हा अडाणीपणा आहे, असंही म्हटलं.

शेजारीण पदराआड हसली. "कमलमावशी, मंग तुमच्या तांदळात खडूच निघाला की."

कमलने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, "म्या मनानं बोलून राह्यले का, मॅडम? तुम्हीच शिकवल्तं. दाण्यात अन्न भरायचा हुकूम संप्रेरक देतं. मागच्या बाकावर बसून ऐकल्तं म्या, दर साली. हुकूम जास्ती, तर अन्न जास्ती. यात चुकलं कुठं?"

चुकलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं तेच वाक्य म्हटलं होतं, कारण मुलांना ते आवडायचं. हुकूम म्हणजे माल नव्हे, हे पुढचं वाक्य म्हणायला तास पुरायचा नाही. मुलं पुढे पुस्तकात वाचायची. कमलला पुस्तक कुणी दिलं होतं?

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये फळ्यावर चुकलं की सगळ्यांदेखत आपल्याच हाताने खोडून बरोबर लिहावं लागे. साठी उलटल्यावर ते फार जड जातं. मी अश्विनीकडे वळून म्हटलं, "तुझ्या सासूने बरोबर ऐकलं. मी अर्धं शिकवलं. हुकूम कितीही दिला तरी जे मातीतून आलंच नाही, ते दाण्यात कुठून येईल? तुझं रक्त या भाताने वाढणार नाही. गोळी घे. चहासोबत नको, मोसंबीच्या रसासोबत. मळमळलं तर नर्सताईला सांग, पण आपल्या मनाने बंद करू नकोस."

तिने सासूकडे पाहिलं. कमल म्हणाली, "घे. मॅडम म्हणून राह्यल्या ना," आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. पाहुणी घरात असताना कमल कधी भांड्यांना बसत नाही. अश्विनीने फडताळातून पाकीट काढलं आणि एक गोळी माझ्यासमोर घेतली. शेजारीण तोवर निघून गेली होती, गल्लीत सांगायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलने फाट्यापर्यंत सोडलं. पिशवीत मोसंब्या भरल्या. मी विषय काढायचा प्रयत्न केला; ती गाडी कुठवर आली ते बघत राहिली. "जल्दी चढा, जागा मिळंल," एवढंच म्हणाली.

तुम्ही या बाजूला जाणार असाल तर नोव्हेंबर-डिसेंबर चांगला. रस्ता ठीक आहे, मोसंबी गोड असते, माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत. काही सांगायचं असेल तर एकट्या माणसाला बाजूला घेऊन सांगा. आणि आधी ऐकून घ्या.

आता तीन रविवार झाले, कमलचा फोन नाही. काल शेवटी मीच फोन केला. अश्विनीने उचलला. गोळी चालू आहे, म्हणाली, रसासोबत घेते, तेवढं मळमळत नाही. परवा तपासणीत नर्सताई बरं म्हणाल्या. मी विचारलं, कमल आहे का?

"आत्याबाई वावरात गेल्यात, मॅडम."

मागे कुणीतरी खोकलं. प्रयोगशाळेच्या टोकाला वीस वर्षं ऐकलेला खोकला होता तो, मला ओळखू न येण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, बरं, आल्या की सांग, मी विचारलं म्हणून.

अश्विनी म्हणाली, सांगते.