न खाजणारा डाग

भद्रकालीत बांगड्या भरणारी एक कासारीण बसते. हात हातात आला की आधी कातडी बघते. "हा नायटा. हे भांड्याच्या साबणानं झालंय. ही चामखीळ, कापू नका." बांगडी चढवताना तिची करंगळी वाकलेलीच असते. मला तो नखरा वाटायचा.

एकदा माझ्या मनगटावरच्या फिकट डागावर तिनं बांगडीची कड दाबली.

"टोचतंय?"

"नाही."

"खाजतंय?"

"अजिबात नाही. म्हणून तर म्हटलं, बघू नंतर."

"खाजत नाय ना, मग आजच दवाखान्यात जा, ताई."

कुष्ठरोगाची सुरुवात निघाली. गोळ्यांनी बरी झाले. पुन्हा बांगड्या भरायला गेले, तेव्हा तिच्या करंगळीबद्दल विचारलं.

ती हसली. "मीबी म्हणलं होतं, बघू नंतर."