नलूनं लपवलेल्या गोळ्या

कळवण्यास अत्यंत गांभीर्य वाटते की, कांदिवलीतल्या आमच्या इमारतीत गेली कित्येक वर्षं चाललेला लपंडाव मागच्या महिन्यात कायमचा बंद झाला. खेळाडू दोन. त्यातली एक, माझी शेजारीण आणि मैत्रीण नलू, न्यूमोनियानं गेली. दुसरी मी. राज्य अजून माझ्यावरच आहे, कारण तिनं लपवलेल्या गोळ्या अजून सापडताहेत. परवा एक हिंगाच्या डबीत निघाली.

नलू हे तिचं खरं नाव नाही. बाकीचीही नावं बदलली आहेत, आणि यात ज्या ज्या आहेत त्या सगळ्यांना मी हे आधी वाचून दाखवलं आहे. तिची मुलगी सोनल म्हणाली, "लिही मावशी. आता कोणापासून लपवायचं?" तर सांगते. नलूला एचआयव्ही होता. नवऱ्याकडून आलेला, तो वारला तेव्हा तपासणीत कळलं. सोनलला नव्हता, एवढंच एक सुख. तेव्हा त्या दोघी मायलेकी भांडुपला दिराच्या घरात राहायच्या. तिथं कोणी भांडलं नाही, कोणी घराबाहेर काढलं नाही. फक्त नलूचा कप वेगळा झाला. कानाचा टवका उडालेला, तो इतरांच्या कपांत ठेवायचा नाही, खिडकीत ठेवायचा. महिनाभर तिनं त्यातून चहा घेतला आणि मग मुलीला घेऊन आमच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आली. पहिल्यांदा माझ्याकडे चहाला आली तेव्हा स्वतःचा कप घेऊन आली. मी म्हटलं, "का गं, आमच्या कपांना काय प्लेग झालाय?" माझी सवयच तशी, तोंडाला कुलूप नाही. ती हसेल असं वाटलं होतं… ती रडायला लागली. त्या दिवशी मला सगळं कळलं, आणि तोंडाला कुलूप घालायलाही मी शिकले.

लपवण्यात मात्र नलूचा हात धरणारं कोणी नव्हतं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या की आधी बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढायची. मग बाटली कधी साबुदाण्याच्या डब्यात, कधी शिलाई मशीनच्या खणात, कधी देवाच्या फोटोमागे. रोज संध्याकाळी मोबाईलचा गजर वाजायचा. घरात पाहुणे असले तर ती "गॅसवर दूध आहे" म्हणून आत जायची आणि मी बाहेर पाहुण्यांना असा काही किस्सा रंगवून सांगायची की, दूध कुठलं, गॅस कुठला, कोणाला आठवायचंच नाही. एकदा तर मी यातलं काहीच माहीत नसलेल्या तिच्या नणंदेसमोर बेशुद्ध पडायचं सोंगसुद्धा केलं. झकास पडले होते. नलू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिला हसू आवरेना.

मग ती विसरायला लागली. आधी कुकरच्या शिट्ट्या, मग जिने. खालच्या मजल्यावरच्यांचं दार आपलंच समजून ठोकायची. आम्ही हसायचो, तीही हसायची. पण लपवायची सवय जशीच्या तशी राहिली, आणि कुठं लपवलं ते तेवढं गेलं. गजर झाला की ती उठायची, गोळी काढायची, इकडे तिकडे बघायची, दुसरीकडे लपवायची आणि घेतली असं समजून शांतपणे येऊन बसायची. हे आमच्या लक्षात येईपर्यंत बराच काळ गेला होता. मग बाटली मी माझ्या कपाटात ठेवली. तिनं ती शोधून काढली आणि माझ्यासाठी म्हणून आणखी चांगली लपवली. सोनल अंधेरीला ऑफिसात, आणि दिवसभर मी तिच्या स्वयंपाकघरात डाळी चाळत बसलेली. नलू शेजारी बसून मला मदत करायची. आपण काय शोधतोय, ते अधूनमधून विचारायची.

गोळ्या देणाऱ्या दवाखान्यात वजन करायचे, रक्ताचा रिपोर्ट बघायचे, गोळ्या नियमित घेता ना, विचारायचे. नलू गोड हसून "हो" म्हणायची. डोक्याचं कोणी काही विचारलंच नाही. मोठ्या हॉस्पिटलात तारीख मिळवून नेलं, तर डॉक्टरांनी तिला शंभरातून सात वजा करायला सांगितले. ती म्हणाली, "माझ्याकडनं का मागता? तुमच्याकडे नाहीत?" डॉक्टर तरुण होते, हसले, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले की हा आजार काही जणांच्या मेंदूपर्यंत जातो, हिचे उपचार उशिरा सुरू झाले होते, याच्यावर वेगळं औषध नाही. फक्त आहे ती गोळी चुकवू नका. विसरणाऱ्या बाईला विसरू नकोस म्हणून सांगायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. आमच्या हातात तेवढंही नव्हतं. पुढे शेवटच्या सहा-सात महिन्यांत तिची एकही गोळी चुकली नाही, तरी ती गेलीच… याचा हिशोब कोणाला विचारायचा?

गोळी का चुकली नाही, ते सांगायला हवं. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या महिला मंडळानं मोदकांची ऑर्डर घेतली होती. सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पाच-सहा जणी बसलो होतो. नलूला एकटी कशी ठेवणार, म्हणून घेऊन गेले. समोर कुंदाताई उकड मळत होत्या. कुंदाताई म्हणजे मंडळाच्या हेडमास्तरीण. केस बांधले का, नखं कापली का, दोनदा हात धुतले का, सगळं तपासूनच पाटावर बसू देणार. नलूला अख्ख्या इमारतीत भीती होती ती यांची. यांना कळलं तर मला घर सोडायला लागेल, असं ती नेहमी म्हणायची.

गजर वाजला. नलूनं हातातला मोदक खाली ठेवला आणि मला तिच्या माहेरच्या मालवणीत विचारलं, "गो, माझी गोळी खंय आसा?" मी हळूच म्हटलं, घरी गेल्यावर देते. ती म्हणाली, आत्ताच हवी. आणि मग समोरच्या बाईला समजावून सांगावं तसं अगदी सावकाश म्हणाली, "एचआयव्हीची गोळी चुकवायची नसते."

इतकी वर्षं लपवलं, आणि लपवायचं असतं हेच ती विसरली होती.

सगळ्यांची नजर आधी नलूकडे गेली आणि मग तिच्या पुढ्यातल्या मोदकांकडे. मयताच्या घरीसुद्धा मला किस्सा सुचतो, पण तेव्हा डोळ्यांपुढे भांडुपच्या खिडकीतला तो कप. मी तिची पिशवी उपसायला लागले. कंगवा, टीव्हीचा रिमोट, चमचा, एक मोजा. गोळी नाही. पुन्हा तेच सगळं आत भरलं, पुन्हा काढलं. नलू नुसती हात पुढे करून बसली होती. तेवढ्यात कोपरापर्यंत उकडीनं भरलेल्या कुंदाताई माझ्यावरच खेकसल्या,

"काय शोधत बसलीयेस मघापासून? माझ्या पर्समध्ये, आतल्या चेनच्या कप्प्यात आहे बघ. माझीही तीच गोळी आहे. काढ आणि दे तिला, माझे हात भरलेत."